परदेशात विद्यार्थी अडकतात तेव्हा विद्यापीठात काय घडतं?

१५ फेब्रुवारी २०२२ रोजी कीव्हमधल्या भारतीय दूतावासानं एक सूचना काढली. ज्यांचं युक्रेनमध्ये राहणं अगदीच गरजेचं नाही त्यांनी, विशेषतः विद्यार्थ्यांनी, तात्पुरता देश सोडण्याचा विचार करावा, असा तिचा आशय होता. २० तारखेला तेच पुन्हा, जरा ठासून. २२ तारखेच्या सूचनेत एक वेगळी गोष्ट होती: ऑनलाइन वर्गांबद्दल विद्यापीठ अधिकृतपणे काही कळवेल म्हणून थांबू नका, निघा. २४ तारखेच्या पहाटे रशियानं हल्ला केला, युक्रेनची हवाई हद्द बंद झाली आणि कीव्हच्या वाटेवर असलेलं एअर इंडियाचं विमान मधूनच दिल्लीला परतलं.

विद्यापीठाची वाट पाहू नका, असं दूतावासाला मुद्दाम का लिहावं लागलं? कारण हजारो मुलं नेमकी तीच वाट पाहत होती. तिकडच्या वैद्यकीय विद्यापीठांत हजेरी कडक. बुडालेले तास भरून काढावे लागतात, नाहीतर परीक्षेला अडवतात. सत्राची फी भरून झालेली. तिकिटांचे दर रोज चढत होते. घरच्यांनी कर्ज काढून पाठवलेलं, आणि आपण घाबरून परत गेलो पण युद्ध झालंच नाही तर वर्ष वाया, ही धास्ती वेगळीच. 'वर्ग ऑनलाइन घेऊ, हजेरी कापणार नाही' एवढं जरी वेळेत कानावर आलं असतं, तर कितीतरी मुलं त्याच आठवड्यात बॅग भरून निघाली असती. पण विद्यापीठांचीही कोंडी झाली होती. खुद्द राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्की घबराट पसरवू नका असं जाहीरपणे सांगत होते. अशा वेळी एखाद्या सरकारी विद्यापीठानं आपणहून वर्ग बंद करणं म्हणजे युद्ध येतंय यावर शिक्कामोर्तब करणं. दूतावास सल्ला देऊ शकत होता, हजेरी माफ करू शकत नव्हता. विद्यापीठ हजेरी माफ करू शकत होतं, पण तोंड उघडायला तयार नव्हतं. मधल्या मध्ये मुलं तिथेच राहिली.

परदेशातलं संकट म्हटलं की आपल्याला आठवतं ते विमान, विमानतळावरचे हार आणि गळ्यात पडणारे आईबाप. ते दृश्य खरं असतं आणि ते घडवून आणणाऱ्यांचे कष्टही खरे असतात. तरी विद्यापीठाच्या बाजूनं पाहिलं तर विमान हा मधला टप्पा आहे. त्याच्या आधी 'कोणी, कधी आणि कशाच्या आधारावर ठरवायचं' हा प्रश्न असतो, आणि त्याच्या नंतर 'आता या मुलांच्या शिक्षणाचं काय' हा. या दोन टोकांना बहुतेक घोडं अडतं. म्हणून हा लेख त्या दोन टोकांबद्दल जास्त आहे.

आधी ठरवलेला उंबरठा

विद्यापीठाचा परदेशाशी संबंध बऱ्याच प्रकारांनी येतो. पूर्ण पदवीसाठी आलेले परदेशी विद्यार्थी, एका सत्रासाठी बाहेर पाठवलेली आपली मुलं, कुठल्यातरी गावात मुलाखती घेत फिरणारा संशोधक, परिषदेला गेलेले प्राध्यापक, दुसऱ्या देशात उघडलेली शाखा, आणि नुसते कागदावरचे सामंजस्य करार. यांतल्या प्रत्येकाचं संकट निराळं असलं तरी पहिला पेच सगळीकडे सारखाच असतो. परिस्थिती बिघडतेय हे दिसत असतं, पण 'बिघडली' असं म्हणायचं कधी, हे कुणालाच ठरवायचं नसतं. लवकर म्हटलं आणि काही झालं नाही, तर पैसे, वेळ आणि अब्रू तिन्ही जातात. उशिरा म्हटलं, तर माणसं जातात. संकटाच्या ऐन गर्दीत हा निर्णय कुणा एका अधिकाऱ्याच्या धाडसावर सोडला, तर तो अधिकारी वरच्याकडे बोट दाखवतो, वरचा मंत्रालयाकडे, आणि मंत्रालय दूतावासाकडे.

यावर अनुभवी विद्यापीठांनी काढलेला तोडगा साधा आहे. उंबरठा, म्हणजे परिस्थिती कधी 'बिघडली' म्हणायची ती रेषा, शांततेच्या काळातच ठरवून लिहून ठेवायची. उदाहरणार्थ, अमेरिकेचं परराष्ट्र खातं जानेवारी २०१८ पासून प्रत्येक देशाला १ ते ४ अशी धोक्याची पातळी देतं. ४ म्हणजे 'जाऊ नका'. तिथली अनेक विद्यापीठं आपले नियम या पातळ्यांना जोडून ठेवतात: पातळी ३ झाली की नव्या सहलीला खास परवानगी लागेल, ४ झाली की मुलांना परत आणायचं. मग त्या दिवशी कुलगुरूंना वाटलं का, विभागप्रमुखांना पटलं का, हा वादच राहत नाही. आकडा बदलला की कामाला लागायचं. सरकारी आकडे राजकारणानंही हलतात, आणि एका देशाला एकच आकडा दिला की सीमेवरचं गाव आणि हजार किलोमीटरवरची राजधानी एकाच मापात मोजली जातात, ही या पद्धतीची उणीव आहेच. पण मोजायला माप नसण्यापेक्षा ढोबळ माप बरं.

उंबरठ्याबरोबर आणखी दोन गोष्टी लिहिलेल्या लागतात. एक म्हणजे निर्णय घेणाऱ्या चार-पाच जणांची नावं, आणि त्यांतला कुणी रजेवर असेल तर त्याच्या जागी कोण. दुसरी म्हणजे खर्चाचा अधिकार. रात्री दोन वाजता बस ठरवायची असेल तर आगाऊ पैसे कोण देणार? आपल्याकडच्या पद्धतीनं तीन निविदा मागवून, वित्त विभागाची टिपणी घेऊन बस मिळत नाही. संकटात ठराविक रकमेपर्यंत आधी खर्च करून नंतर मंजुरी घेण्याची मुभा एका माणसाच्या हातात असणं, ही मला साऱ्या आराखड्यातली सगळ्यात महत्त्वाची ओळ वाटते. अनेक आराखड्यांत नेमकी तीच नसते.

यादी

'आपली किती मुलं तिथे आहेत?' या प्रश्नाचं उत्तर विद्यापीठाला तासाभरात देता आलं पाहिजे. ऐकायला सोपं वाटतं. पण प्रवेशाच्या वेळी भरलेल्या अर्जावर नाशिकचा किंवा लातूरचा पत्ता असतो, वडिलांचा जुना मोबाइल नंबर असतो, आणि मुलगा आता परदेशात तिसऱ्या घरात राहत असतो. कुणी सुट्टीत शेजारच्या देशात फिरायला गेलेला असतो, कुणी आधीच घरी परतलेला असतो आणि त्यानं कुणाला कळवलेलं नसतं.

कामाची यादी कशी दिसते? नाव, पासपोर्ट क्रमांक, व्हिसा संपायची तारीख. आत्ता राहण्याचं ठिकाण, खोली क्रमांकासह. स्थानिक सिमचा नंबर आणि भारतातला नंबर. घरच्या दोन माणसांचे नंबर, आणि त्यांना कोणती भाषा समजते. रोजची औषधं: इन्सुलिन, थायरॉइड, दम्याचा पंप. सोबत राहणाऱ्या एकाचं नाव, कारण एकाचा फोन बंद पडला की दुसऱ्याचा लागतो. आणि शेवटचा रकाना: 'शेवटचा संपर्क कधी झाला आणि कुणी केला'. संकट सुरू झालं की बाकीचे रकाने स्थिर राहतात, हा एकच रकाना दर काही तासांनी भरायचा असतो. ज्याच्या नावापुढे तो कोरा राहतो, त्याच्यामागे लागायचं. उरलेल्यांना फोन करकरून हैराण करायचं नाही.

युक्रेनमध्ये अनेक ठिकाणी ही यादी विद्यापीठापेक्षा प्रवेश करून देणाऱ्या एजंटांकडे आणि हॉस्टेल-मेस चालवणाऱ्या काँट्रॅक्टरांकडे जास्त नेटकी होती. त्यांच्यातल्या काहींनी बस ठरवून मुलांना सीमेपर्यंत पोचवलंही. ते कौतुकास्पद आहे, पण व्यवस्था म्हणून धोक्याचं आहे. एजंटावर कुठलंच बंधन नसतं. त्यानं फोन उचलला तर नशीब.

यादी नसली की सूचना सरसकट काढाव्या लागतात. २ मार्च २०२२ ला खारकीव्हमधल्या भारतीयांसाठी निघालेली सूचना आठवा. ताबडतोब शहर सोडा, वाहन मिळत नसेल तर चालत निघा, आणि संध्याकाळी सहाच्या आत पिसोचिन, बाबाई किंवा बेझ्ल्युदिव्का गाठा. सूचनेत अंतरंही दिली होती: ११, १२ आणि १६ किलोमीटर. आदल्याच दिवशी त्या शहरात गोळीबारात कर्नाटकातल्या एका विद्यार्थ्याचा जीव गेला होता. बर्फात, सामानासकट, नकाशावर कधी न पाहिलेल्या गावाकडे चालत निघणं ही शेवटची वाट होती, आणि तीच निवडावी लागली. सुमी शहरात अडकलेली सुमारे ७०० मुलं तर ८ मार्चला बाहेर पडली. भारतीयांना परत आणण्याच्या 'ऑपरेशन गंगा' मोहिमेत एकूण ९० विमानं आली, त्यांतली १४ हवाई दलाची होती. रोमानिया, हंगेरी, पोलंड, स्लोव्हाकिया या शेजारी देशांत केंद्रीय मंत्री जाऊन बसले होते. मोहीम मोठी होती आणि ती यशस्वी झाली. त्याच वेळी हेही खरं की १५ ते २३ फेब्रुवारीच्या दरम्यान निघणाऱ्याला साधं तिकीट काढून, साध्या विमानानं घरी येता येत होतं.

लॉकरबीनंतर

हा विचार विद्यापीठांना आपोआप सुचलेला नाही. २१ डिसेंबर १९८८ रोजी लंडनहून न्यूयॉर्कला निघालेलं पॅन ॲम कंपनीचं १०३ क्रमांकाचं विमान स्कॉटलंडमधल्या लॉकरबी गावावर बॉम्बस्फोटानं कोसळलं. २७० माणसं गेली, त्यांत गावातली ११ होती. विमानात न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज विद्यापीठाच्या परदेश-अभ्यासक्रमाची ३५ मुलं होती. युरोपातलं सत्र संपवून नाताळसाठी घरी निघालेली.

नंतर कळलं की त्या महिन्याच्या सुरुवातीला हेलसिंकीच्या अमेरिकी दूतावासाला पॅन ॲमच्या विमानात बॉम्ब ठेवला जाणार असल्याचा निनावी फोन आला होता. तो फोन खोडसाळ होता असा निष्कर्ष पुढे निघाला, पण त्याची सूचना मॉस्कोच्या दूतावासात फलकावर लावली गेली होती. म्हणजे सरकारी नोकरांना ती कळली आणि तिकीट काढणाऱ्या विद्यार्थ्यांना कळली नाही. आईबापांचा संताप समजण्यासारखा होता. त्यातून अमेरिकी सरकारचं धोरणच बदललं: आपल्या कर्मचाऱ्यांना धोक्याची जी माहिती द्यायची, ती सामान्य नागरिकांपासून लपवायची नाही. विद्यापीठांच्या दृष्टीनं याचा अर्थ असा की यापुढे 'आम्हाला माहीत नव्हतं' हे उत्तर चालणार नव्हतं. माहिती उघड आहे, तर ती वाचणं आणि मुलांपर्यंत पोचवणं हे तुमचं काम.

सिरॅक्यूज विद्यापीठ आजही दर वर्षी ३५ विद्यार्थ्यांना त्या मुलांच्या स्मृतीसाठी शिष्यवृत्ती देतं, आणि लॉकरबीहून दर वर्षी दोन विद्यार्थी तिथे शिकायला येतात. संकटानंतर संस्थेनं काय करावं याची एवढी लांब चाललेली दुसरी उदाहरणं फार नाहीत.

एकही गोळी न झाडता कोसळणारं संकट

युद्ध आणि बॉम्बस्फोट दिसतात तरी. काही संकटं एका पत्रानं येतात.

ऑगस्ट २०१२ च्या अखेरीस ब्रिटनच्या सीमा खात्यानं लंडन मेट्रोपोलिटन विद्यापीठाचा परदेशी विद्यार्थी घेण्याचा परवाना काढून घेतला. कारण हिशोबाच्या वहीतलं होतं. तपासलेल्या नमुन्यातल्या बऱ्याच विद्यार्थ्यांकडे देशात राहण्याची वैध परवानगी नव्हती, काहींच्या इंग्रजीच्या पुराव्यांचे कागद नव्हते, हजेरीच्या नोंदी धड नव्हत्या. शिक्षा मात्र दोन हजारांहून जास्त मुलांना, ज्यांतल्या बहुतेकांची कागदपत्रं चोख होती. साठ दिवसांत दुसरं विद्यापीठ शोधा, नाहीतर देश सोडा. सत्र सुरू व्हायला काही आठवडे. पुढे उच्च न्यायालयानं आधीपासून शिकत असलेल्या प्रामाणिक विद्यार्थ्यांना दिलासा दिला, सरकारनंही एक कृतिगट नेमला, आणि विद्यापीठाला परवाना परत मिळाला तो २०१३ मध्ये. त्या विद्यापीठाच्या कुलसचिव कार्यालयातल्या एखाद्या कंटाळवाण्या रजिस्टरची नोंद वेळेवर झाली नाही आणि कराचीच्या, हैदराबादच्या, लागोसच्या घरात आभाळ कोसळलं. विद्यापीठाचं आंतरराष्ट्रीय काम म्हणजे परदेश दौरे आणि करारांवरच्या सह्या असं मानणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावं.

२२ मे २०२५ ला अमेरिकेत हार्वर्डवर तसाच वार झाला, पण तिथे कागदांतली चूक हे कारण नव्हतं, सरकारशी चाललेला संघर्ष होता. परदेशी विद्यार्थी घेण्याची मान्यता सरकारनं रद्द केली. साधारण ६,८०० विद्यार्थी, म्हणजे चौघांत एकाहून जास्त, एका रात्रीत टांगणीला लागले. त्यांत भारतीयही शेकड्यांनी. दुसऱ्याच दिवशी विद्यापीठ न्यायालयात गेलं आणि त्याच दिवशी स्थगिती मिळाली. हे एवढ्या झटपट कसं जमलं? कायदेशीर तयारी आधीपासून असल्याखेरीज चोवीस तासांत दावा उभा राहत नाही. जुलै २०२० मध्येही, पूर्ण ऑनलाइन शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांनी देश सोडावा असा आदेश ६ तारखेला निघाला, तेव्हा हार्वर्ड आणि एमआयटी ८ तारखेला कोर्टात होते आणि १४ तारखेला सरकारनं आदेश मागे घेतला. सगळ्या विद्यापीठांची ऐपत एवढी नसते, हे उघड आहे. छोट्या कॉलेजात अडकलेल्या मुलाला स्वतःचा वकील स्वतःच शोधावा लागतो.

संशोधकांचं आणखी वेगळं. केंब्रिज विद्यापीठाचा एक इटालियन पीएचडी विद्यार्थी जानेवारी २०१६ मध्ये कैरोतून बेपत्ता झाला आणि काही दिवसांनी त्याचा छळ केलेला मृतदेह सापडला. तो इजिप्तमधल्या स्वतंत्र कामगार संघटनांवर काम करत होता. २०१८ मध्ये डरहॅम विद्यापीठाच्या एका संशोधकाला संयुक्त अरब अमिरातीत हेरगिरीच्या आरोपाखाली जन्मठेप झाली आणि काही दिवसांनी माफी मिळाली. त्याचा विषय होता तिथली सुरक्षा धोरणं. कैरो किंवा दुबई ही काही युद्धभूमी नव्हती, हजारो पर्यटक तिथे मजेत फिरत होते. धोका त्या जागेत नव्हता, प्रश्न विचारण्यात होता. म्हणून देशाच्या नावासमोरचा आकडा पाहून परवानगी देणारी समिती अशा संशोधकाला पुरत नाही. तो कुणाला भेटणार, काय विचारणार, उत्तरं कुठे साठवणार, हे मार्गदर्शकानं आधी त्याच्याशी बसून बोलावं लागतं.

फोन बंद, अफवा चालू

मे २०२४ मध्ये किर्गिझस्तानच्या बिश्केकमध्ये स्थानिक आणि परदेशी तरुणांच्या मारामारीचा व्हिडिओ फिरला आणि १७ तारखेच्या रात्री जमावानं परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर हल्ले केले. भारतीय दूतावासानं मुलांना आत राहायला सांगितलं. पण मुलं आत असताना फोनवर काय काय येत होतं! अमुक इतके मेले, तमुक हॉस्टेल जाळलं. पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर तेच वीसपट होऊन पोचलं. अशा वेळी विद्यापीठानं 'परिस्थिती नियंत्रणात आहे' असं लिहून उपयोग नसतो, त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. उपयोग होतो तो ठराविक वेळेला येणाऱ्या, नेमक्या माहितीचा: सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री आठ, काय कळलं, काय अजून कळलेलं नाही, पुढचा निरोप कधी. नवीन काही नसेल तर 'नवीन काही नाही' हेही वेळेवर सांगायचं. आठचा निरोप साडेआठला आला तर मधल्या अर्ध्या तासात अफवा जागा भरून काढते.

दोन महिन्यांनी बांगलादेशात याच्या उलट झालं. आरक्षणविरोधी आंदोलन पेटलं, १८ जुलै २०२४ पासून इंटरनेट बंद झालं. काश्मीर, ईशान्य भारत, बंगाल इथून गेलेली वैद्यकीय शाखेची हजारो मुलं तिथे होती. ॲप, ईमेल, गट सगळं एका झटक्यात निकामी. मुलं आगरतळ्याजवळच्या आखौरा, पश्चिम बंगालमधल्या गेदे, मेघालयातल्या डावकी अशा सीमानाक्यांवरून परतली. त्या दिवसांत कामाला आले ते साधे फोन कॉल, कागदावर लिहिलेले नंबर, आणि 'संपर्क तुटला तर अमुक ठिकाणी जमायचं' हे आधी ठरवलेलं वाक्य. आराखडा केवळ संगणकावर असेल तर त्याची एक छापील प्रत प्रत्येक हॉस्टेलच्या वॉर्डनकडे हवी.

पुण्यात आलेलं काबूल

आतापर्यंत आपली मुलं बाहेर. पण पुण्यासारख्या शहरात संकट उलट्या दिशेनंही येतं.

फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. शां. ब. मुजुमदारांनी वसतिगृहात काविळीनं आजारी पडलेला मॉरिशसचा विद्यार्थी पाहिला. एक मुलगी त्याला खिडकीतून जेवण देत होती. परक्या गावात या मुलांना कुणी नाही, या जाणिवेतून पुढे १९७१ मध्ये सिम्बायोसिस उभी राहिली, ही गोष्ट पुणेकरांना ठाऊक आहे. मला ती इथे सांगावीशी वाटते कारण तीही संकट व्यवस्थापनाचीच गोष्ट आहे. आजारी मुलाला वेळेवर जेवण देणारं माणूस कोण, इथूनच सुरुवात होते.

१५ ऑगस्ट २०२१ ला तालिबाननं काबूल घेतलं तेव्हा पुण्यात अफगाण विद्यार्थी मोठ्या संख्येनं होते. त्यांच्या जिवाला इथे धोका नव्हता. मग संकट कसलं? घरून पैसे येणं बंद, कारण तिकडच्या बँका ठप्प. घरभाडं थकलेलं. काहींचे पासपोर्ट संपत आलेले, आणि नवा देणारं सरकारच उरलेलं नाही. व्हिसा वाढवायचा तर परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात कोणते कागद न्यायचे? पदवी पूर्ण झालेल्यांनी परत जायचं कुठे? आणि करोनाकाळात घरी गेलेले जे काबूलमध्ये अडकले, त्यांची कथा आणखी कठीण. २५ ऑगस्टला भारतानं अफगाण नागरिकांना दिलेले जुने व्हिसा रद्द करून फक्त ई-व्हिसा चालेल असं जाहीर केलं. वर्गात नाव, फी भरलेली, आणि हातात व्हिसा नाही, अशा स्थितीत कितीतरी मुलं महिनोन्महिने अडकून राहिली.

इथे विद्यापीठाच्या हातात विमान नसतं, पण बऱ्याच लहान गोष्टी असतात. फीला मुदत देणं. हॉस्टेलमध्ये राहू देणं. 'हा आमचा विद्यार्थी आहे, अभ्यासक्रम अमुक तारखेपर्यंत आहे' असं पत्र त्याच दिवशी देणं. जायला घर नाही अशाला पुढच्या पदवीला प्रवेश देणं. यांतली कुठलीच गोष्ट महागडी नाही. विद्यापीठ अनुदान आयोगानं जुलै २०२१ मध्येच उच्च शिक्षणाच्या आंतरराष्ट्रीयीकरणासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढून प्रत्येक विद्यापीठात आंतरराष्ट्रीय कक्ष असावा असं म्हटलं होतं. कक्ष अनेक ठिकाणी आहे. तिथे एक खुर्ची, एक बोर्ड आणि दुसऱ्या तीन कामांचा भार असलेला एक प्राध्यापक असेल, तर अशा महिन्यात तो एकटा किती पुरणार?

विमान उतरल्यावर

युक्रेनहून परतलेल्या मुलांकडे आता वळू. मार्च २०२२ मध्ये ती घरी आली आणि कॅमेरे निघून गेले. त्यानंतर जे सुरू झालं ते वर्षानुवर्षं चाललं.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनुसार परदेशातून डॉक्टर होऊन भारतात काम करायचं असेल तर संपूर्ण अभ्यासक्रम आणि इंटर्नशिप एकाच परदेशी संस्थेत पूर्ण झाली पाहिजे. दर्जा राखायला नियम ठीक होता, पण युद्ध त्याच्या हिशोबात नव्हतं. युक्रेनच्या विद्यापीठांनी दुसऱ्या देशांतल्या विद्यापीठांत शिकण्याची सोय काढली, तर भारताचा नियम आड येत होता. भारतातल्या महाविद्यालयांत सामावून घ्यायला सरकार तयार नव्हतं. अखेर ६ सप्टेंबर २०२२ ला आयोगानं ही सोय मान्य केली: शिका दुसरीकडे, पदवी मूळच्या युक्रेनी विद्यापीठाचीच. युद्ध सुरू झाल्यापासून त्याला सहा महिने लागले. अगदी शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, आणि मार्च २०२३ मध्ये केंद्रानं त्यांना एमबीबीएसच्या अंतिम परीक्षेच्या दोन भागांसाठी मर्यादित संधी देण्याचं मान्य केलं.

चीनमध्ये शिकणाऱ्यांनी हेच दुसऱ्या रूपात भोगलं. २०२० च्या सुरुवातीला वुहानमधून दोन विमानांनी आलेले ६४७ भारतीय आपल्याला आठवतात. पण चीनमध्ये प्रवेश घेतलेली सुमारे २३ हजार भारतीय मुलं पुढे दोन वर्षांहून जास्त काळ व्हिसाविना घरी बसून ऑनलाइन वैद्यकशास्त्र शिकत राहिली. रुग्णाला हात न लावता. विद्यार्थी व्हिसा पुन्हा सुरू झाला ऑगस्ट २०२२ मध्ये.

म्हणून आराखड्यात विद्यार्थ्यांच्या सुटकेइतकीच जागा त्यांच्या गुणपत्रिकांना हवी. सत्राच्या मध्यात निघालेल्या मुलाला आतापर्यंतच्या कामाचे श्रेयांक मिळणार का? त्याचे दाखले, प्रमाणपत्रं दुसऱ्या देशातल्या सर्व्हरवर सुरक्षित आहेत का? इमारत बॉम्बनं पडली तर मूळ कागद कुठे? फीचा परतावा कोणत्या तारखेपासून? ऑस्ट्रेलियात २००९-१० च्या सुमाराला परदेशी मुलांना शिकवणारी अनेक खाजगी कॉलेजं बंद पडली तेव्हा भारतीय मुलांना त्याचा मोठा फटका बसला. त्यानंतर तिथे जुलै २०१२ पासून फीसंरक्षणाची एक व्यवस्था आहे: कॉलेज बुडालं तर विद्यार्थ्याला दुसरीकडे जागा मिळवून द्यायची किंवा न शिकलेल्या भागाची फी परत करायची. पैसे कॉलेजांच्याच वर्गणीतून येतात. असं काही आपल्या मुलाच्या देशात आहे का, हे प्रवेशाआधी विचारायला हरकत नाही.

रोजची संकटं

मोठ्या बातम्यांच्या आड एक आकडा हरवतो. जुलै २०२४ मध्ये सरकारनं लोकसभेत सांगितलं की आधीच्या पाच वर्षांत ६३३ भारतीय विद्यार्थी परदेशात मरण पावले, सर्वांत जास्त, १७२, कॅनडात. नैसर्गिक कारणं, अपघात, इतर कारणं सगळी धरून. यांतल्या बहुतेकांसाठी कुठलंही 'ऑपरेशन' निघत नाही. एक घर, एक फोन, आणि मृतदेह घरी आणण्याची धडपड. स्थानिक मृत्यू दाखला, शवलेपनाचं प्रमाणपत्र, रद्द केलेला पासपोर्ट, वकिलातीचं ना-हरकत पत्र, आणि मृत्यू संशयास्पद असेल तर शवविच्छेदन संपेपर्यंतचे दिवस. विद्यापीठातला एक शहाणा अधिकारी या कुटुंबाचा एकमेव संपर्क म्हणून नेमला गेला तर केवढा आधार होतो! पाच विभागांतून पाच जण फोन करतात आणि प्रत्येक जण पासपोर्ट क्रमांक पुन्हा विचारतो, हे त्या आईनं का सोसावं?

पालकांना न पटणारी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. अमेरिकेसारख्या देशात मुलगा अठरा वर्षांचा झाला की विद्यापीठ त्याच्या शैक्षणिक नोंदी त्याच्या संमतीशिवाय आईवडिलांनाही देत नाही. आरोग्य आणि जिवाचा प्रश्न असेल तर कायद्यात अपवाद आहे, पण अधिकारी तो जपून वापरतात. तेव्हा जाण्यापूर्वीच मुलानं संमतीपत्रावर सही करून ठेवलेली बरी. विम्याचंही तसंच. 'सगळं कव्हर आहे' हे एजंटचं वाक्य पुरेसं नाही. बहुतेक पॉलिसींत युद्ध वगळलेलं असतं. वैद्यकीय कारणासाठी हलवणं वेगळं, राजकीय अशांततेमुळे बाहेर काढणं वेगळं, आणि मृतदेह परत आणणं वेगळं. तिन्ही कलमं स्वतः वाचावीत. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर मुलाची नोंदणी करायला काही मिनिटं लागतात. दूतावासाला तुमचा मुलगा तिथे आहे हे कळण्याचा तो सर्वांत सोपा मार्ग आहे.

आता हा विषय आणखी जवळ येतोय. २०२५ मध्ये मुंबईत पाच परदेशी संस्थांना भारतात शाखा उघडण्यासाठी इरादापत्रं, म्हणजे तत्त्वतः संमतीची पत्रं, दिली गेली. ॲबरडीन, यॉर्क अशी नावं असलेल्या या शाखा मुंबई-नवी मुंबई परिसरात उभ्या राहतील. परदेशी शाखा बंदही पडतात: ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठानं २००७ मध्ये सिंगापूरला काढलेली शाखा पहिल्याच सत्रानंतर गुंडाळली, कारण अपेक्षेच्या मानानं विद्यार्थी फारच थोडे आले. तिथल्या मुलांना सिडनीला येऊन शिकण्याचा पर्याय देण्यात आला. आपल्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांत याचा विचार केलेला आहे. परवानगीशिवाय अभ्यासक्रम किंवा शाखा बंद करता येणार नाही, आणि बंद झालीच तर विद्यार्थ्यांना पर्याय देण्याची जबाबदारी मूळ संस्थेची, त्यात मूळ विद्यापीठात सामावून घेणंही आलं. कागदावर हे चांगलं आहे. पण नवी मुंबईत शिकायचं म्हणून प्रवेश घेतलेल्या मुलीला उद्या ॲबरडीनला जा म्हटलं, तर व्हिसा कोण काढून देणार, तिथल्या राहण्याचा खर्च कोण सोसणार आणि फी रुपयांतलीच राहणार का, हे प्रवेशाच्या करारात स्पष्ट लिहिलेलं असावं. सही करण्याआधी ते पान मागून घ्या.